सोनेरी तारा

(रणांगणावर पराक्रम गाजवणाऱ्या सैनिकाला पदक मिळते. पण रणांगणावरून जो परत येत नाही, त्याच्या आईवडिलांचे, पत्नीचे आणि मुलाबाळांचे काय? त्यांच्या दुःखाची दखल देशाने कशी घ्यावी? प्रस्तुत पाठात अमेरिकेतील ‘सोनेरी तारा’ या सन्मानचिन्हाची हकिकत सांगितली आहे. हे चिन्ह कसे जन्मले, ते कोणाला मिळू लागले आणि त्याचा मान राखायचा म्हणजे काय करायचे, याचा विचार हा पाठ वाचताना करा.)

कोटाच्या कॉलरवर लावायचा एक छोटासा बिल्ला आहे. त्याचा व्यास पाऊण इंच, म्हणजे अमेरिकेतील एका सेंटच्या नाण्याएवढा. जांभळ्या रंगाची गोल चकती, तिच्यावर सोनेरी लॉरेलच्या पानांची वेलबुट्टी आणि मधोमध पाव इंचाचा सोनेरी तारा. मागच्या बाजूस अमेरिकेचे नाव, कायद्याचा उल्लेख आणि दोन-तीन अक्षरे कोरता येतील एवढी मोकळी जागा. गर्दीत एखाद्याच्या कोटावर हा बिल्ला असला, तर तो चटकन लक्षातही येणार नाही.

मात्र ज्याला त्याचा अर्थ ठाऊक आहे, तो क्षणभर थांबतो. कारण हा बिल्ला लावणाऱ्या व्यक्तीच्या घरातील कोणीतरी देशासाठी लढताना मृत्यू पावलेले असते.

पदक आणि हा बिल्ला यांत मोठा फरक आहे. पदक सैनिकाच्या पराक्रमाचे असते. ते मिळावे अशी उमेद सैनिकाने बाळगली तर त्यात काही वावगे नाही. सोनेरी तारा मात्र आपल्याला मिळावा असे कोणालाच वाटत नाही. त्याच्या मागे जी आद्याक्षरे कोरतात, तीही गेलेल्या सैनिकाच्या नावाची नसतात. ज्याला तो दिला जातो, त्याच्या नावाची असतात. महाराष्ट्रात गावोगावी देवळांच्या आवारात जुने वीरगळ उभे आहेत. लढताना पडलेल्या वीराची आठवण त्या दगडांवर कोरलेली आहे. पण त्या वीराच्या घरी मागे कोण राहिले, त्यांनी पुढचे दिवस कसे काढले, हे दगड सांगत नाहीत. सोनेरी तारा त्या मागे राहिलेल्यांसाठी आहे.

या ताऱ्याची सुरुवात एका ध्वजापासून झाली. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. लाखो तरुण सैन्यात दाखल होऊ लागले. ओहायो राज्यातील रॉबर्ट क्विसर नावाच्या कॅप्टनचे दोन मुलगे सैन्यात होते. आपल्या घरची मुले देशसेवेत आहेत हे सांगणारी एखादी खूण असावी, असे त्यांना वाटले. त्यांनी एक छोटा ध्वज तयार केला. लाल किनार, मधे पांढरा पट्टा आणि त्यावर निळे तारे. घरातील जितकी माणसे सैन्यात, तितके तारे. हा ध्वज रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत लावायचा. पाहता पाहता ही कल्पना देशभर पसरली. घरांच्या, कारखान्यांच्या, शाळांच्या आणि चर्चच्या खिडक्यांतून निळे तारे दिसू लागले.

पण युद्धावर गेलेला प्रत्येक जण परत येत नाही. ज्या घरचा सैनिक मृत्यू पावे, त्या घरच्या ध्वजावरील निळ्या ताऱ्यावर सोनेरी तारा शिवला जाई. सोनेरी तारा थोडा लहान ठेवीत. त्यामुळे त्याच्या कडेने खालचा निळा रंग दिसत राही. रस्त्याने जाणाऱ्याला खिडकीकडे पाहताच समजे, की या घरचा मुलगा आता येणार नाही.

त्या काळी घरात मृत्यू झाला, की अमेरिकेत आणि युरोपात स्त्रिया कित्येक महिने काळे कपडे घालीत. युद्ध वाढत चालले तसा एक प्रश्न उभा राहिला. घराघरांतील स्त्रिया काळ्या कपड्यांत दिसू लागल्या, तर देशावर शोककळा पसरेल. पण दुःख लपवा असे तरी त्यांना कसे सांगायचे? युद्धकाळात स्त्रियांच्या कामाची जुळणी करण्यासाठी सरकारने एक महिला समिती नेमली होती. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या डॉ. अ‍ॅना हॉवर्ड शॉ या तिच्या अध्यक्षा होत्या. समितीने सुचवले, की काळ्या पोशाखाऐवजी स्त्रियांनी दंडावर एक काळी पट्टी बांधावी आणि घरातील गेलेल्या प्रत्येक सैनिकासाठी तिच्यावर एक सोनेरी तारा लावावा. मे १९१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी या सूचनेला मान्यता दिली.

ही गोष्ट लहान दिसते, पण ती विचार करण्यासारखी आहे. दुःखाच्या खुणा सगळ्याच समाजांत असतात. महाराष्ट्रात पती वारला, की पत्नीच्या कपाळावरचे कुंकू पुसायचे, हातातील बांगड्या फोडायच्या, अशी रूढी पिढ्यान् पिढ्या चालत आली. दुःखाची खूण म्हणून तिच्या अंगावरचे काहीतरी काढून घ्यायचे, असा तिचा अर्थ. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. इतर गावांनीही त्याचे अनुकरण करावे, असे परिपत्रक महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात काढले. दुःखाची एक खूण माणसाला चारचौघांतून बाजूला सारते, तर दुसरी त्याला चारचौघांत मानाने उभे करते. सोनेरी तारा दुसऱ्या प्रकारचा आहे.

याच सुमारास वॉशिंग्टन शहरात ग्रेस डार्लिंग सीबोल्ड नावाची एक आई आपल्या मुलाच्या पत्रांची वाट पाहत होती. तिचा मुलगा जॉर्ज वैमानिक होता. तो फ्रान्समध्ये ब्रिटिश वैमानिकांबरोबर लढत होता. त्याची पत्रे नेमाने येत. १९१८ साली ती एकाएकी थांबली. कदाचित तो जखमी होऊन परत आला असेल, कोणी त्याला ओळखले नसेल, या आशेने ग्रेसबाई शहरातील सैनिकी रुग्णालयांत जाऊ लागल्या. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे त्या आपला मुलगा शोधत फिरत. काही दिवसांनी कुटुंबाकडे एक पेटी आली. तिच्यावर ‘मृत अधिकाऱ्याच्या वस्तू’ असे लिहिलेले होते. जॉर्ज ऑगस्ट १९१८ मध्येच विमानातून लढताना मारला गेला होता. त्याचा देह कधीच ओळखता आला नाही.

आता रुग्णालयात जाण्याचे कारण उरले नव्हते. तरीही ग्रेसबाई जात राहिल्या. ज्यांची घरे दूर होती अशा जखमी सैनिकांजवळ त्या बसत, त्यांची विचारपूस करीत. आपल्यासारख्याच इतर आयांनाही त्यांनी गोळा केले. एकीचे दुःख दुसरीला न सांगता कळत होते. ४ जून १९२८ रोजी वॉशिंग्टनमध्ये पंचवीस माता एकत्र जमल्या आणि त्यांनी एक संघटना स्थापन केली. खिडकीतल्या ताऱ्यावरून तिचे नाव ठेवले ‘अमेरिकन गोल्ड स्टार मदर्स’. एकमेकींना आधार देणे आणि जखमी सैनिकांची सेवा करणे हे तिचे काम ठरले.

या मातांची एक मोठी इच्छा होती. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेले सुमारे ३०,००० अमेरिकन सैनिक युरोपातच पुरलेले होते. समुद्रापलीकडे जाऊन मुलाची कबर पाहणे बहुतेक आयांच्या आवाक्याबाहेरचे होते. १९२९ साली अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, एक कायदा केला. या माता आणि ज्यांनी पुन्हा लग्न केले नव्हते अशा विधवा यांना सरकारी खर्चाने युरोपात नेण्याचे ठरले. १९३० ते १९३३ या चार वर्षांत ६,००० हून अधिक स्त्रिया या यात्रेला जाऊन आल्या. त्यांतील कित्येकींनी त्यापूर्वी समुद्र पाहिलाही नव्हता.

परंतु या यात्रेवर एक डागही आहे. कृष्णवर्णीय सैनिकांच्या माता आणि विधवा यांना सरकारने वेगळ्या गटांतून पाठवले. गोऱ्या स्त्रिया आरामशीर मोठ्या जहाजांतून गेल्या. यांच्या वाट्याला हलक्या दर्जाची जहाजे आली. मुलगे एकाच देशासाठी मेले होते, पण त्यांच्या आयांना एका जहाजात जागा नव्हती. कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी याचा कडक निषेध केला. काही मातांनी या अपमानापेक्षा न गेलेले बरे म्हणून यात्रेलाच नकार दिला. काही जणी मात्र गेल्या, कारण मुलाच्या कबरीवर फूल वाहण्याची ती एकच संधी होती. या दोघींपैकी कोणाचे चुकले असे म्हणता येणार नाही. चूक त्यांच्यापुढे असा पेच टाकणाऱ्यांची होती. सन्मान देतानाही माणसामाणसांत भेद केला, तर त्या सन्मानाची चमक कमी होते, हा धडा या यात्रेने दिला.

१९३६ मध्ये काँग्रेसच्या ठरावाने सप्टेंबर महिन्याचा शेवटचा रविवार या मातांचा दिवस म्हणून ठरला. आजही तो पाळला जातो. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या घोषणांत मातांबरोबर कुटुंबीयांचाही उल्लेख होऊ लागला.

मग दुसरे महायुद्ध आले. त्यात ४ लाखांहून अधिक अमेरिकन सैनिक मृत्यू पावले. आयोवा राज्यातील वॉटर्लू गावच्या सलिव्हन कुटुंबातील पाच भाऊ ‘जुनो’ या एकाच युद्धनौकेवर होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये ती नौका बुडाली आणि पाचही भाऊ गेले. अशा वेळी देशाने काय द्यावे? गेलेला माणूस तर कोणालाच परत देता येत नाही. पण ‘तुमचे जे गेले, ते आम्ही विसरलो नाही’ एवढे तरी देशाला सांगता येते. दंडावरची पट्टी आणि खिडकीतला ध्वज लोकांच्या चालीरीतीतून आले होते. आता देशाने स्वतः होऊन काही द्यावे, असे ठरले. १ ऑगस्ट १९४७ रोजी काँग्रेसने कायदा करून सोनेरी ताऱ्याच्या बिल्ल्याला अधिकृत रूप दिले. पाठाच्या आरंभी ज्याचे वर्णन वाचले, तो हाच बिल्ला.

कायदा करायचा म्हणजे एका अवघड प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. बिल्ला कोणाला द्यायचा? सुरुवातीला सोनेरी तारा म्हटले, की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त आई येई. पण दुःख आईपाशी थांबत नाही. १९४५ मध्ये तरुण विधवांनी ‘गोल्ड स्टार वाइव्ह्ज’ ही आपली संघटना काढली. तिच्या पहिल्या सभासदांत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर याही होत्या. आज कायद्याप्रमाणे पती किंवा पत्नी, आई, वडील, मुले, भाऊ आणि बहिणी या प्रत्येकाला स्वतंत्र बिल्ला मिळतो. सावत्र आईवडील, दत्तक घेणारे आईवडील, तसेच जन्म दिला नसला तरी ज्यांनी त्या सैनिकाला वाढवले ते पालक, यांनाही आईवडील मानले आहे. घराला मिळून एकच बिल्ला दिला जात नाही, कारण घरातल्या प्रत्येकाचे दुःख त्याचे स्वतःचे असते. आईने मुलगा गमावलेला असतो, तर धाकट्या बहिणीने सायकल शिकवणारा दादा.

आणखी एक प्रश्न होता. सैनिक युद्धातच मरतो असे नाही. सराव करताना अपघात होतो, आजारपण येते. १९७३ मध्ये अशा सैनिकांच्या कुटुंबीयांसाठी दुसरा बिल्ला सुरू झाला. त्यातही सोनेरी तारा आहे, पण तो वर्तुळात असून त्याच्याभोवती ओकच्या पानांच्या डहाळ्या आहेत.

परदेशातून येऊन अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना पुढची गोष्ट विशेष जवळची वाटेल. अमेरिकेच्या सैन्यात इतर देशांतून आलेल्यांची मुलेही असतात. मुलगा सैनिक, पण आईने अजून इथले नागरिकत्व घेतलेले नाही, असेही घडते. सरकारी बिल्ल्याच्या बाबतीत तो अडथळा नव्हता. पण मातांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे सभासद होण्यासाठी आई अमेरिकेची नागरिक असावी लागे. अफगाणिस्तानात मुलगा गमावलेल्या एका आईचा अर्ज याच कारणाने नाकारला गेला. वर्तमानपत्रांतून त्यावर बरीच टीका झाली. अखेर २००५ साली संघटनेने आपला नियम बदलला आणि नागरिक नसलेल्या मातांनाही सभासद करून घेतले. आईच्या डोळ्यांतील पाण्याला पासपोर्ट विचारायचा नसतो, हे सर्वांना पटले.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हर्शेल वुडी विल्यम्स यांचे नाव घेतल्याशिवाय ही हकिकत पुरी होणार नाही. १९४५ साली इवो जिमा बेटावर गाजवलेल्या पराक्रमाबद्दल त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च पदक मिळाले होते. पण सैन्यात जाण्यापूर्वी, अगदी तरुण वयात, त्यांनी एक वेगळेच काम केले होते. ते टॅक्सी चालवीत आणि युद्धात पडलेल्या सैनिकांच्या घरी मृत्यूची तार पोहोचवीत. दार उघडणाऱ्या माणसाचा चेहरा त्या क्षणी कसा होतो, हे त्यांनी पाहिले होते. पुढे कित्येक वर्षांनी ते एकदा गोल्ड स्टार मातांविषयी बोलत असताना एका वडिलांनी त्यांना भरल्या डोळ्यांनी सांगितले, की वडीलही रडतात. हे वाक्य विल्यम्स यांच्या मनात घर करून राहिले.

त्यांनी सबंध कुटुंबासाठी स्मारक उभारण्याचे मनावर घेतले. असे पहिले स्मारक २०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील डनबार येथे उभे राहिले. नंतर देशभर ठिकठिकाणी त्याच धर्तीची स्मारके झाली. विल्यम्स २०२२ मध्ये वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारले. हे स्मारक काळ्या ग्रॅनाइटचे आहे. त्याच्या मधोमध सलाम करणाऱ्या सैनिकाची आकृती आहे. पण ती कोरलेली नाही. तेवढा दगड कापून काढला आहे. तिथे फक्त मोकळी जागा आहे. त्या जागेतून पलीकडचे आकाश दिसते. घरातील एक माणूस गेले, की जेवणाच्या टेबलापाशी, दिवाळीच्या फराळाला किंवा ख्रिसमसच्या सकाळी अशीच एक जागा मोकळी राहते.

आज मृत्यूची बातमी तारेने येत नाही. गणवेशातील अधिकारी स्वतः घरी येऊन ती सांगतात. सहसा अंत्यविधीच्या वेळी कुटुंबीयांच्या हाती सोनेरी तारा दिला जातो. काही जण तो रोज लावतात, काही जण फक्त विशेष दिवशी लावतात, तर काही जण पेटीत जपून ठेवतात. प्रत्येकाची रीत वेगळी, आणि ती योग्यच.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेत, दुकानात किंवा गाडीच्या नंबरप्लेटवर तुम्हांलाही कधी हा तारा दिसेल. तो दिसला म्हणजे काय करायचे? ‘अभिनंदन’ म्हणायचे नाही, कारण हे बक्षीस नाही. कसे गेले, कुठे गेले, असे प्रश्नही विचारायचे नाहीत. ‘त्यांचे नाव काय होते?’ एवढे हळूच विचारले तरी पुरे. गेलेल्या माणसाचे नाव कोणीतरी विचारावे, आणि आपण सांगत असताना त्याने ते लक्ष देऊन ऐकावे, असे मागे राहिलेल्यांना नेहमी वाटत असते. देशाने ताऱ्याच्या रूपाने जे सांगितले, ते आपण आपल्या वागण्याने सांगायचे. एवढे आपल्याला करता आले, तर त्या लहानशा बिल्ल्याचा मान राहील.

शब्दार्थ

व्यास – वर्तुळाच्या मध्यातून जाणाऱ्या रेषेची लांबी
वावगे – अयोग्य
वीरगळ – लढताना मृत्यू आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड
शोककळा – दुःखाची छाया
रूढी – चालत आलेली रीत
परिपत्रक – सर्वांना पाठवलेले सरकारी सूचनापत्र
पेच – अडचण, कठीण प्रसंग
डहाळी – झाडाची लहान फांदी
मनात घर करणे – कायमचे लक्षात राहणे
आवाक्याबाहेर असणे – शक्तीपलीकडे असणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खिडकीतील ध्वजावर निळे तारे किती असत?
(आ) सोनेरी तारा निळ्या ताऱ्यापेक्षा लहान का ठेवीत?
(इ) ग्रेस सीबोल्ड रुग्णालयांत का जाऊ लागल्या?
(ई) काँग्रेसने सोनेरी ताऱ्याच्या बिल्ल्याला अधिकृत रूप केव्हा दिले?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पदक आणि सोनेरी तारा यांत कोणता फरक आहे?
(आ) युरोपच्या यात्रेवर डाग आहे, असे लेखात का म्हटले आहे?
(इ) विल्यम्स यांच्या स्मारकातील मोकळी जागा काय सुचवते?

३. कारणे लिहा.
(अ) घरातील प्रत्येकाला स्वतंत्र बिल्ला दिला जातो.
(आ) २००५ साली मातांच्या संघटनेने आपला नियम बदलला.

४. ‘तारा’ हा शब्द पुढील दोन वाक्यांत कोणकोणत्या अर्थाने आला आहे ते लिहा. दोन्ही ठिकाणी त्याचे लिंग व वचन ओळखा.
(अ) ध्वजावर एक सोनेरी तारा शिवला.
(आ) युद्धाच्या काळात घरोघरी तारा येत.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
वाट पाहणे, मनावर घेणे, दखल घेणे, आधार देणे

६. चर्चा करा.
यात्रेला नकार देणाऱ्या आणि यात्रेला गेलेल्या, अशा दोन्ही मातांच्या बाजू वर्गात मांडा.

७. उपक्रम
तुमच्या गावातील युद्धस्मारकाला पालकांबरोबर भेट द्या. तेथे कोरलेल्या नावांपैकी एक नाव वहीत लिहून घ्या आणि त्या व्यक्तीच्या घरच्यांना उद्देशून मराठीत एक छोटे पत्र लिहा.